पाचव्या भागातला हार घातलेला फोटो

मी, ॲड. अपूर्वा सुबोध करंबेळकर, वय ३६ वर्षे, व्यवसाय वकिली, राहणार कांदिवली पूर्व, आज दि. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

मी नऊ वर्षे सिनेमे आणि वेब मालिका प्रदर्शनाआधी कायद्याच्या नजरेने तपासते. कुणाचा चेहरा, नाव, गाडीचा नंबर परवानगीशिवाय पडद्यावर राहिला आहे का, ते पाहते. सगळे ठीक असेल तरच माझ्या सहीने क्लिअरन्सचा दाखला जातो. त्याशिवाय मालिका दाखवता येत नाही.

दि. २७ ऑक्टोबर रोजी मी अंधेरीच्या ‘चौथा मजला फिल्म्स’ची मालिका तपासत होते. पाचव्या भागात नायकाच्या घरी भिंतीवर त्याच्या मेलेल्या आईचा हार घातलेला फोटो आहे. फोटो खऱ्या बाईचा वाटला म्हणून मी संमतीपत्र मागितले. निर्मितीप्रमुख शौनक देवधर यांनी ते लगेच पाठवले. त्यात ‘माझी दिवंगत आई रत्नप्रभा गुणाजी घाडी यांचा फोटो वापरण्यास हरकत नाही’ असे लिहून मुलगा नितेश यांची ३ सप्टेंबर २०२५ ची सही होती. पत्ता दिंडोशीचा होता, फोन नंबर नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय नाही, म्हणून दि. २९ रोजी सकाळी अकरा वाजता मी त्या पत्त्यावर गेले.

दार फोटोतल्या बाईंनीच उघडले.

मी संमतीपत्राचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला. ‘दिवंगत’ हा शब्द त्यांनी ओलांडला आणि सहीपाशी थांबल्या.

“ही सही कधीची गो?”

“यंदाची. सप्टेंबरची.”

“नितेश जावन सा वर्सां झाली,” असे म्हणून त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे एकच फोटो होता आणि त्याला हार होता. नंतर त्यांनी मला चहा दिला. मी तो पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी फोटो कुठून आला ते शोधले. तो जिथे काढला होता ते दुकान श्रीमती घाडी यांनी सांगितले होते. कांदिवलीतील फोटो स्टुडिओचे मालक कुंडलिक म्हात्रे यांनी सांगितले की, २०१९ साली नितेश यांनी आईच्या साठीला द्यायचा म्हणून तो मोठा करायला टाकला होता. न्यायला ते आले नाहीत. यंदा दुकान बंद करताना जुन्या फ्रेमा शूटिंगवाल्यांनी नेल्या. त्यांतल्या या फोटोच्या मागे मायलेकांच्या नावांची आणि पत्त्याची चिठ्ठी होती. संमतीपत्र त्या चिठ्ठीवरून तयार झाले, असे माझे म्हणणे आहे.

दि. ३१ रोजी मी लेखी नकार दिला. शौनक यांचा फोन आला. “अपूर्वा, यार, दोन सेकंदांचा शॉट आहे. ती बाई काय वेब सिरीज बघणार आहे? सही कर ना.”

मी म्हटले, “जिवंत बाईला हार घातलास आणि तिच्या गेलेल्या मुलाची सही घेतलीस. माझी मिळणार नाही. काय करायचं ते कर.”

त्यांनी केले. दि. १० नोव्हेंबर रोजी मालिका दाखवणाऱ्या कंपनीने मला दाखल्याची प्रत पाठवली. त्यावरची सही माझ्या जूनमधल्या दुसऱ्या दाखल्यावरून उचललेली आहे. दोन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. यापुढे अंधेरीत काम मिळणार नाही, असेही मला कळवण्यात आले आहे. न मिळो.

मालिका येत्या शुक्रवारी, दि. १४ रोजी येते आहे. त्याआधी दोन्ही खोट्या सह्यांबद्दल गुन्हा नोंदवून तो भाग थांबवावा, अशी माझी तक्रार आहे. त्याशिवाय मी इथून उठणार नाही.

श्रीमती घाडी, वय ६६, माझ्यासोबत आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्या हयात असल्याची नोंद घ्यावी. फोटो जप्त कराल तेव्हा पंचनाम्यात फोटो आणि हार या दोन वेगळ्या वस्तू लिहाव्यात. काम झाल्यावर फोटो त्यांना द्यावा, तो त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठीच केला होता. हार परत नको.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. खालची सही माझीच आहे. ती मी आपल्यासमोर, माझ्या हाताने केली आहे.