बिनधुराचं घर

…आणि वर मलाच, म्हाताऱ्याला, म्हणतात, मेमे-ले, मजा आहे बुवा तुमची, बाहेर ओढा गोठून दगड झालाय आणि तुम्हाला म्हणे घरात लोकरीचा गोंचासुद्धा अंगावर नको! कुणी येतं, भिंतीला हात लावतं, पुन्हा लावतं, चूल कुठंय म्हणून शोधतं, आणि वाहवा करत निघून जातं. लहानसंच घर हो, तुम्हाला सांगतो. पण एवढ्याशा घरानं मला जे दाखवलं ते मोठ्या घरानं उभ्या जन्मात दाखवलं नव्हतं.

आता बघा, आमच्यात रीतच आहे. मुलगा कर्ता झाला, सून रुळली, की मोठ्या घराची चूल सुनेकडे, देवाच्या खोलीतला दिवा मुलाकडे, आणि म्हातारा-म्हातारीनं चार भांडी नि एक गाय घेऊन अंगणापलीकडच्या लहान घरात जायचं. खांगू म्हणतो आम्ही त्याला. माझा बाप गेला, त्याचा बाप गेला. कुणी कुणाला जा म्हणत नाही. एके दिवशी सासू चुलीपुढून उठते, सून तिथं बसते, आणि सासू मग नुसती खिडकीत बसून जपमाळ ओढते. झालं! पण आमचं खांगू पुरात वाहून गेलं, आणि आमचा रिगझिन… तो लेहला. पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात त्यानं, उन्हाळाभर पाहुणे, आणि थंडी पडली की बायकोपोरीला घेऊन जम्मूला. पुढच्या वर्षी येतो, आबा-ले. पुढच्या वर्षी नक्की. असं करत करत आमच्या कुनझेसचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेले. एकदा गोवऱ्या सारता सारता ती म्हणाली, "मला या चुलीपुढून उठायचंय हो. पण बसायला कुणी आलं तर उठू ना?"

मी आपला मंद माणूस. शाळा पाहिली ती बाहेरून. चार दिवस त्यावर विचार करत बसलो आणि मला वाटलं, सापडलं! आपण खांगू आधीच बांधू. म्हातारी माणसं लहान घरात गेली तर मोठं घर रिकामं ठेवता येतं का? नाही येत. म्हणजे पोराला यावंच लागेल की नाही? शेजारच्या इशेला सांगितलं, तर तो म्हणाला, "खोगीर घेऊन आलास, घोडा कुठाय?" म्हटलं, खोगीर बघून येईल घोडा.

आणि काय सांगू, घराचं नाव काढल्याबरोबर जो रिगझिन महिन्यातून एकदा फोन करायचा, तो दिवसातून दोनदा करायला लागला! आबा-ले, सिमेंट नको हं, मातीच्याच विटा. आबा-ले, तार ओढत बसू नका, छतावर सोलर टाकू. आबा-ले, खर्चाचं मनावर घेऊ नका, पण लहानच बांधा, लहान घर लवकर तापतं. त्यानं उबदार घरं बांधणाऱ्या एका संस्थेतली मुलगीच पाठवली, डिस्केत तिचं नाव. ती बिचारी सावली मोजत अंगणभर फिरली आणि म्हणाली, मेमे-ले, दक्षिणेची भिंत काळी रंगवायची, पुढ्यात काच लावायची, दिवसा ऊन खाईल नि रात्री तुम्हाला देईल, बाकीच्या भिंती दुहेरी, मधे भुसा. मग आले आमचे पंचांग बघणारे ओन्पो, ते म्हणाले दार पूर्वेलाच. कुनझेस म्हणाली, खिडकी उत्तरेला हवी. डिस्केतनं कपाळालाच हात लावला. "आबी-ले, उत्तरेची खिडकी म्हणजे भिंतीला भोक. सगळी ऊब जाईल तिथून." ही म्हणाली, "जाऊ दे थोडी. मोठ्या घराचं दार तिकडं आहे. कोण आलं ते दिसायला नको?" शेवटी तळहाताएवढी काच बसवली, तीही दुहेरी. आणि संडास! रिगझिनला नातीसाठी पाण्याचा हवा होता, डिस्केत म्हणाली नळ फुटतील, त्यापेक्षा नवी पद्धत आहे, खाली खड्डा, वरून माती नि राख, पाणी लागतच नाही… कुनझेस इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. अगं पोरी, मग आम्ही आजवर कुठं जात होतो?

लहानसंच घर हो. महिन्याभरात आखून झालं असतं. पण खरं सांगू? मीच लांबवत होतो. कोनाडा कुठं करू, विचार रिगझिनला. छताला पोपलरचे वासे घालू की विलोचे, विचार रिगझिनला. मला काय विलो ठाऊक नाही? पण विचारलं की तो बोलायचा, आणि बोलता बोलता मधेच नात फोन ओढून घ्यायची, आणि कुनझेस कान लावून बसायची. असं घर आखत राहावं, कधी बांधूच नये, असं वाटायचं.

पण बांधून झालं. आणि लोसरला सगळी आली! नवं वर्ष, पोरगा, सून, नात. कुनझेसनं मोठ्या घरातलं एकेक तांब्याचं भांडं घासून फळीवर मांडलं होतं, तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी. पण नात थंडीनं कुडकुडायला लागली, म्हणून तिला खांगूत नेलं. मग सून तिच्यापाशी गेली. मग रिगझिन. आणि गंमत बघा, लोसरभर तरणी माणसं लहान घरात, आणि म्हातारा-म्हातारी मोठ्या घरात!

तरी कुनझेसनं धीर सोडला नाही. परतायच्या आदल्या दिवशी सगळी मोठ्या घरात गरम थुक्पा प्यायला जमली, तेव्हा ती चुलीपुढून उठली. पळी यांगचेनच्या, सुनेच्या, हातात दिली आणि बाजूला जाऊन बसली. यांगचेन गुणी पोर हो, बसली, ढवळलं, सगळ्यांना वाढलं, मला दोनदा वाढलं. आणि मग उठून पळी पुसली आणि परत कुनझेसच्या हातात ठेवली. शेजाऱ्याकडून आणलेली वस्तू परत करतात ना… तशी. नीट. दोन्ही हातांनी.

निघताना रिगझिननं मला मिठी मारली. म्हणाला, "आबा-ले, आता माझ्या जिवाला घोर नाही. आधी बर्फ पडलं की झोप लागायची नाही, वाटायचं, गेलंच पाहिजे घरी. आता असं घर झालंय की माझी गरजच राहिली नाही." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. खोटं कसं म्हणू? माझ्या सुखानं आलेलं पाणी होतं ते. मी त्याची पाठ थोपटली. दुसरं काय करणार?

आता फोन पुन्हा महिन्याचा. विचारायचं काय? छत गळत नाही, काच फुटत नाही.

आम्ही राहायला गेलो खांगूत. पहिल्याच सकाळी बघतो तर अंथरूण रिकामं. ही अंगण ओलांडून, काठी टेकत, मोठ्या घरात, थंडगार चुलीपुढं फुंकणी घेऊन. म्हटलं, अगं, कुणासाठी? म्हणाली, "विझलेल्या चुलीच्या घरात कोण परत येतं?" मग मी तरी काय करू, गेलो गोवऱ्या आणायला. तेव्हापासून हेच. उठायचं, अंगण ओलांडायचं, चूल पेटवायची, तिच्यापुढं धुरात बसायचं, दिवस कलला की ऊब खायला परत. तेही तिचे गुडघे उठू देतील तर… नाहीतर तिथंच.

परवा डिस्केत आली होती. संस्थेला कळवायचं होतं तिला. मेमे-ले, या घरामुळं जळण किती वाचलं?

म्हटलं, सगळं वाचलं, बाळा. ते मोठ्या घराला पुरत नाही एवढंच.