टाचांनी पुसलेली फुलं

स्वीडनमधल्या रेटविक गावच्या लिलावघराबाहेर रांग होती. फुलं रंगवलेली जुनी लग्नपेटी घ्यायला इंगेगेर्ड लांबून आली होती. तिच्या मागे दोन म्हातारी भावंडं येऊन उभी राहिली.

“आईची पेटी विकून टाकू, असं तूच म्हणालास ना, स्टूरे?”

“तूही म्हणालीस, ताई. मग आज इथं कशाला?”

“तू कशाला?”

“बघायला.”

“बोलीचा नंबर घेऊन?”

“पुढची फुलं झिजलीत. स्वस्तात जाईल म्हणे.”

“झिजतील नाहीतर काय! वर बसून टाचा आपटायचास, आई वेलचीचा पाव देईपर्यंत.”

“मोठा तुकडा तुलाच मिळायचा.”

“दोघांनी बोली लावली तर भाव चढेल, येड्या.”

“मग तूच लाव. पण ठेवायची कुणाकडे?”

“हिवाळ्यात माझ्याकडे. उन्हाळ्यात ने तू.”

“आणि मी गेलो तर?”

“गप्प बस. रांग सरकली. अहो बाई, तुम्ही काय घ्यायला आलात?”

“खुर्च्या,” इंगेगेर्ड म्हणाली.