वर्ज्य कोनांचा तक्ता

सुजाण वाचकहो, पुढे जे संभाषण आपणांस सादर करीत आहे, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेस आलेंतेजू प्रांतात एका लहानशा विमानतळावर दोन विमाने जोडीने उडवून, त्यांच्यामध्ये लेसरच्या किरणाने संदेश पोहोचविण्याचे प्रयोग चालू होते. ज्या विमानाच्या पंखाखाली दिव्याची पेटी बसविली होती त्यास सर्वजण ‘थोरली’ म्हणत, आणि ज्याने तो किरण झेलावयाचा त्यास ‘धाकटी’. त्या गुरुवारी दुपारी मी हँगरच्या फरशीवरील तेल पुसत होतो, व मधला दरवाजा उघडा होता. पदरचे काही न घालता, केवळ नावे बदलून, ते बोलणे आपणांपुढे ठेवीत आहे. ते गंभीर आहे. तरी शांत चित्ताने वाचावे, ही प्रार्थना.

(उपकरणांची खोली. लिओनिल्द, दिव्याची यंत्रे सांभाळणारी तंत्रज्ञ. आबिलियो, धाकटीचा कप्तान, वय वर्षे अठ्ठावन्न. दोघांमध्ये टेबल, त्यावर चौकटींचा कागद.)

लिओनिल्द: उजवा डोळा हाताने झाका, कप्तान. बोटांच्या फटीतून बघायचं नाही.

आबिलियो: झाकला. आता काय, पाढे म्हणू?

लिओनिल्द: मधल्या काळ्या टिंबाकडे बघा आणि आजूबाजूच्या रेघा कशा दिसतात ते सांगा.

आबिलियो: रेघा रेघांसारख्या दिसतात. चौकोन चौकोनांसारखे. तू डोळ्यांची डॉक्टरीण कधीपासून झालीस?

लिओनिल्द: टिंब दिसतंय?

आबिलियो: कागद तुझा, टिंब तू काढलंस. असणारच.

लिओनिल्द: आहे का, असं नाही विचारलं. दिसतंय का?

आबिलियो: आधी ती खिडकी लाव. ऊन डोळ्यांवर येतंय.

लिओनिल्द: खिडकी लावलेलीच आहे.

आबिलियो: बरं. मग ऐक. टिंब नाही दिसत. तिथले चौकोन आत ओढल्यासारखे झालेत. ताणलेल्या चादरीत कोणी दगड ठेवावा तसे. झालं समाधान? थकवा आहे हा. माझ्या वयाला ये, मग कळेल.

लिओनिल्द: थकवा गेल्या आठवड्यात, बुधवारी तिसऱ्या फेरीत आला का?

आबिलियो: तुला फेरी कुठून कळली?

लिओनिल्द: उद्याच्या पाहुण्यांसाठी आलेख काढत होते, तेव्हा थोरलीच्या नोंदी चाळल्या. तिसऱ्या फेरीत तिचा शोधकिरण, म्हणजे जो आधी धाकटीला हुडकतो तो, अकरा सेकंद तुमच्या कॉकपिटवर होता.

आबिलियो: कसा असेल? कॉकपिटच्या दिशेला वळला की तो आपोआप विझतो. तूच आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतंस, बाणबिण काढून.

लिओनिल्द: विझायला हवा होता. तुम्हाला काय दिसलं ते आधी सांगा.

आबिलियो: थोरलीच्या पंखाखाली एक तांबडा ठिपका. विझत आलेल्या सिगारेटीच्या टोकासारखा. इतका मंद, की मला वाटलं पेटीवरचा एखादा बारका दिवा असेल.

लिओनिल्द: आणि तुम्ही बघत राहिलात.

आबिलियो: मग काय करू? जोडीने उडताना दुसऱ्या विमानावरून नजर काढायची नसते, बाई. मध्ये दोनशे मीटर असतात. मी क्षणभर डोंगर बघत बसलो, तर तुला माझे तुकडे शेतातून वेचायला यावं लागेल.

लिओनिल्द: तो मंद नव्हता. तो रंग माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून मंद वाटतो. डोळा दिपत नाही, पापणी मिटत नाही. पण आत जायचा तो सगळा जातो.

आबिलियो: मला काही दुखलं नाही.

लिओनिल्द: नाही दुखत. त्या जागेला दुखणं कळत नाही.

आबिलियो: तुझं बोलणं ऐकून मात्र दुखायला लागलंय.

लिओनिल्द: यासाठीच चष्मे आणले होते. कपाटात तसेच आहेत, पिशवीसुद्धा फोडलेली नाही.

आबिलियो: त्या हिरव्या काचेतून थोरली नीट दिसत नाही. आणि तुम्हीच म्हणालात, किरण विझतो, चष्मे घातले नाहीत तरी चालतील. तर मग विझला का नाही? ते बोल.

लिओनिल्द: मे महिन्यात थोरलीच्या डाव्या पंखाखालची पेटी काढून आपण उजव्या पंखाखाली लावली.

आबिलियो: डावीकडच्या बैठकीला तडा गेला म्हणून. तो तडा मीच दाखवला होता.

लिओनिल्द: त्याआधी थोरली तुमच्या उजवीकडून उडायची. तिथून बघितलं की धाकटीचं नाक दिव्याच्या उजव्या हाताला यायचं. आता ती तुमच्या डावीकडून उडते, म्हणून नाक डाव्या हाताला येतं. किरण कुठल्या दिशेला विझवायचा त्याचा एक तक्ता असतो, वर्ज्य कोनांचा. पेटी हलवली तेव्हा तो उलटा करायला हवा होता. आरशात दिसतो तसा. तो तसाच राहिला.

आबिलियो: सोप्या भाषेत सांग.

लिओनिल्द: मे महिन्यापासून आपण धाकटीच्या शेपटाचे डोळे सांभाळतोय.

आबिलियो: पण तपासणी होते ना रोज? तू तो पांढरा पुठ्ठा धरून उभी राहतेस, किरण विझतो, तू आम्हाला अंगठा वर करून दाखवतेस.

लिओनिल्द: पुठ्ठा कुठे धरायचा ते मी त्याच तक्त्यावरून ठरवते. तक्ता चुकलेला, म्हणून पुठ्ठाही चुकीच्याच जागी. तिथे किरण अगदी इमानाने विझतो. रोज विझला.

आबिलियो: तक्ता कोणी केला?

लिओनिल्द: मी.

आबिलियो: माझे डोळे तपासायला बसलीस, इंजिनियरबाई. तुझे कोण तपासणार?

लिओनिल्द: बोला. मी ऐकून घेणार आहे.

आबिलियो: नाही, इतकंच. पुढे नाही बोलवत.

लिओनिल्द: अजून एक आहे. मेच्या आधी दर जवळच्या फेरीत संदेश तुटायचा, आठवतं? किरण कॉकपिटजवळ गेला की विझायचा आणि सगळं पहिल्यापासून जुळवावं लागायचं. मेनंतर एकदाही तुटला नाही. डॉक्टर तेओदोझियोंनी त्या आनंदात सगळ्यांना कोकराचं जेवण दिलं.

आबिलियो: प्रमुखांनी स्वतःच्या खिशातून दिलेलं ते एकमेव जेवण. पुदिना जास्त झाला होता.

लिओनिल्द: आपलं काही सुधारलं नव्हतं, कप्तान. विझणं बंद झालं होतं, एवढंच.

आबिलियो: बरं, तो तक्ता आता उलटा करायला किती वेळ लागेल?

लिओनिल्द: दहा मिनिटं. सकाळीच केला.

आबिलियो: मग मिटलं की. उद्या लिस्बनहून माणसं येणार, परदेशातले पाहुणे येणार. दोन फेऱ्या मारू, टाळ्या घेऊ, आणि सोमवारपासून काय तपासायचं ते तपास.

लिओनिल्द: डॉक्टर तेओदोझियोही शब्दशः हेच म्हणाले. दहा मिनिटांत केलेला तक्ता खरा की खोटा ते बघायला दोन दिवस लागतात. मे महिन्यातही मला खात्रीच होती. पण माझ्या सांगण्याने उड्डाण थांबत नाही. वैमानिकाने उड्डाणानंतरच्या कार्डावर लिहिलं तरच थांबतं, आणि मग त्या डाव्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचे डोळे तपासावे लागतात. हे तुमचं बुधवारचं कार्ड. ‘उड्डाणात काय आढळले?’ त्यापुढे ‘काही नाही’. खाली सही.

आबिलियो: ते मी आधी लिहितो.

लिओनिल्द: कशाच्या आधी?

आबिलियो: उडायच्या. आम्ही सगळेच लिहितो. शिडीवर पाय ठेवण्याआधी ‘काही नाही’ लिहून टाकायचं, म्हणजे काही होत नाही. माझ्या मास्तरांनी मला तसं शिकवलं. तीस वर्षं झाली, कधी काही झालं नाही.

लिओनिल्द: तीस वर्षं कधी काही लिहिलं नाही.

आबिलियो: हसू नकोस.

लिओनिल्द: मी हसत नाहीये. हे नवं कार्ड घ्या. त्या दिवशी काय दिसलं तेवढंच लिहा. एक ओळ.

आबिलियो: ती एक ओळ लिहिली की मला एव्होराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेला वैमानिक परत विमानातून येत नाही, लिओनिल्द, बसने येतो. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. सात महिने मी एका डोळ्यावर काढीन.

लिओनिल्द: या सोमवारी डाव्या खुर्चीत झुल्मिरा होती. तुम्ही उजवीकडे बसलात. का?

आबिलियो: नवी वैमानिक आहे. म्हटलं, शिकू दे पोरीला.

लिओनिल्द: कप्तान.

आबिलियो: काय कप्तान, कप्तान? डावीकडून धावपट्टीचा मधला पट्टा सापडेना मला. आता बरं वाटलं ऐकून?

लिओनिल्द: सोमवारी शोधकिरण कॉकपिटवर चौदा सेकंद होता.

आबिलियो: ती काही बोलली नाही. बोलली असती. तोंड कुठे गप्प असतं तिचं? कार्ड बघ तिचं.

लिओनिल्द: बघितलं. ‘काही नाही’.

आबिलियो: बघ. म्हणजे तिला नाही दिसला.

लिओनिल्द: ते तिने कधी लिहिलं असेल?

आबिलियो: शिडीपाशी.

लिओनिल्द: तिला कोणी शिकवलं?

आबिलियो: फोन लाव तिला. आज सुट्टी आहे तिची. मोठ्याने ऐकू येईल असा लाव.

झुल्मिरा: बोल गं. पटकन बोल, गाडी चालवतेय. बहिणीकडे निघालेय.

लिओनिल्द: एकच विचारते. सोमवारी थोरलीच्या पंखाखाली तुला काही दिसलं होतं?

झुल्मिरा: ते तांबडं टिकलीएवढं? हो. नवीन बसवलंय का काही? विचारायचं राहूनच गेलं.

लिओनिल्द: डोळे कसे आहेत तुझे?

झुल्मिरा: तुला कोणी सांगितलं? ऊन लागलंय गं. तीन दिवस झाले, पुढच्या गाडीचा नंबर वाचायला जावं तर मधला आकडाच नसतो. थेंब घालतेय. उद्यापर्यंत जाईल. आणि हे मास्तरांच्या कानावर घालू नकोस हं, नाहीतर उद्याची माझी खुर्ची जायची.

आबिलियो: झुल्मिरा, गाडी बाजूला घे.

झुल्मिरा: अगं बाई, मास्तर तिथेच आहेत. मास्तर, मी गंमत करत होते.

आबिलियो: गाडी बाजूला घे, पोरी.

झुल्मिरा: घेते, घेते. मागचा ट्रक जाऊ दे. हं, घेतली. काय झालंय?

लिओनिल्द: ती टिकली म्हणजे शोधकिरण होता. तो विझायला हवा होता, विझला नाही. माझा तक्ता चुकला. तुला ऊन लागलेलं नाही, झुल्मिरा. तुला आजच डोळे दाखवावे लागतील.

झुल्मिरा: आजच म्हणजे? थेंबांनी जाणार नाही का हे?

लिओनिल्द: मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही तुला.

झुल्मिरा: थांब. एक डोळा मिटून बघते. इथे समोर, बाटल्यांच्या बुचांसाठी साल काढतात ना, त्या झाडांची रांग आहे. खोडांवर पांढरे आकडे घातलेत, साल कुठल्या वर्षी काढली त्याचे. कडेचं झाड दिसतंय. ज्याच्याकडे बघते तेच दिसत नाही.

लिओनिल्द: बास. आता नको बघूस.

झुल्मिरा: मास्तर, त्या खुर्चीत तर तुम्ही रोज बसता. तुम्हाला नाही का दिसला कधी?

आबिलियो: दिसला.

झुल्मिरा: कधी?

आबिलियो: गेल्या बुधवारी.

झुल्मिरा: म्हणजे माझ्या आधी.

आबिलियो: पाच दिवस आधी.

लिओनिल्द: झुल्मिरा? ऐकतेयस ना?

झुल्मिरा: ऐकतेय. मला न्यायला कोणीतरी यायला हवं. मी इथेच थांबते.

आबिलियो: मी निघतो. अर्ध्या तासात पोहोचतो.

झुल्मिरा: नको, मास्तर. तुम्ही गाडी चालवू नका. तुम्ही बसा, आणि लिहा.

येथवर माझ्या कानी आले ते सर्व आपणांस निवेदन केले. एवढा वेळ आपण मजसारख्या अल्पशिक्षिताचे लेखन धीराने वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
पुंडलीक रामनाथ मळकर्णेकर