दुसरा दरवाजा

माझा मेहुणा समुद्रात तेलाच्या रिगवर असतो, माहितीय ना? माझ्या बायकोनं भीतीपोटी भावाच्या मनगटात देवीचा दोरा बांधलेला. "सोड ती नोकरी, तुझ्या दाजींसोबत कापडाच्या लूमवर ये," हाच तिचा धोशा.

परवा तो कडोदऱ्याला आमचा कारखाना बघायला आला. शिरताच विचारतो, "दाजी, आग लागली तर दुसरा दरवाजा कुठंय?"

"त्या कापडाच्या ताक्यांमागं. पण कुलूप असतं."

"चावी?"

"शेठकडे. तिकडे लांब, कतारगामला."

तो पांढराफटक पडला. "आम्हाला पहिल्या दिवशी डोळे बांधून बाहेरची वाट शोधायला लावतात. वर पगार तुमच्या दुप्पट!"

बारा वर्षांत तो दरवाजा उघडा मी पाहिलाच नव्हता.

मेहुण्यानं आपल्या मनगटातला दोरा सोडला आणि माझ्या मनगटात बांधला.