मेहुण्याची वीज, माझी भट्टी

...नाही, पण मी म्हणतो, वीज करायला माझीच भट्टी सापडावी? तुम्हाला सांगतो, आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, इंजिनिअर, कारखाना बंद पडल्यापासून घरी... म्हणजे आमच्याच घरी! तर हा एक दिवस बिस्किटाएवढी पांढरी चकती घेऊन बेकरीत हजर. "दाजी, हिची एक बाजू गरम, एक बाजू गार ठेवली की वीज निघते. तुमच्या भट्टीची भिंत फुकट तापतेय!" फुकट? लाकूड काय तुझ्या... पण मागे बायको उभी होती. गिळलं वाक्य.

प्रश्न नोकरीचा होता हो! कुठल्याशा कंपनीचे साहेब प्रयोग बघायला येणार, पसंत पडला तर त्याला कामावर घेणार. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "रात्र रात्र झोपत नाही तो. एवढं कराच." दिली भिंत!

साहेब आले. भट्टीच्या भिंतीला चकती, चकतीला गार पाण्याचा डबा, वायरीला दिवा. आणि लागला दिवा! लागला म्हणजे... तो लागलाय हे त्यालाच माहीत. साहेब म्हणाले, "हं." बस, नुसतं "हं"! मेहुण्याचा चेहरा पडला. "दाजी, जाळ वाढवा!" वाढवला. दिवा उजळला, मेहुणा उजळला, दारात बायको उजळली... आणि डब्यातलं पाणी लागलं उकळायला, दिवा पुन्हा मलूल! अरे, जाळ तर वाढलाय ना? "नुसता जाळ नको दाजी, फरक हवा! एक बाजू गरम, एक बाजू गार!"

मग कर ना गार! त्याने पंखा जोडला. कशावर? त्याच विजेवर! दिवा विझला, आणि पंखा? तो नुसती मान डोलावतोय! पंखा काढला, मोठा दिवा लावला, तर तो पेटेचना. "दिवाही चकतीला मानवायला हवा, दाजी." मानवायला? लेका, प्रयोग करतोयस की स्थळ बघतोयस?

शेवटी मीच धावलो. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फाची लादी आणली, डबा काढला आणि लादी दोन्ही हातांनी चकतीवर धरली. "घट्ट दाबा दाजी! फट नको!" दाबली. तोंडावर भट्टीची धग, पोटावर बर्फाचं पाणी, चकती कोण आणि मी कोण कळेना... एक बाजू गरम, एक बाजू गार! पण दिवा असा लखलखला म्हणता, साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला. आतले पाव? विचारू नका. कोळसा!

साहेब मेहुण्याला म्हणाले, "विजेचं नंतर बघू. पण एखादी गोष्ट गार ठेवायला एवढा जीव टाकणारा, आणि घरच्यांनाही टाकायला लावणारा माणूस मी पाहिला नाही. आमचं शीतगृह आहे, उद्यापासून या."

बायको रडली. मेहुणा माझ्या पाया पडला. मीही, खोटं कशाला बोलू, जरा...

परवा मेहुणा पहिल्या पगाराची मिठाई घेऊन आला. मिठाई ठेवायला स्वयंपाकघरात गेला तो बाहेरच येईना. शेवटी हाक आली, "दाजी, फ्रीजची मागची जाळी केवढी तापते, कधी हात लावलाय?"

काय करतो? फ्रीज भिंतीपासून पुढे ओढून दिला.