माईंच्या चुलीवरचा दिवा

सन्माननीय अध्यक्ष उत्तमरावजी, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे हेडमास्तर बापूसाहेब, आणि सतरंजीवर दाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधीचे वक्ते संस्कृतातून बोलले. मी भगवंत, नांदगाव खंडेश्वरच्या भिक्षुकाचा मुलगा. बापूसाहेबांच्या हाताखाली जेमतेम तिसरीपर्यंत टिकलो. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. विजेचं काम शिकलो आणि कराची बंदरापर्यंत गेलो. असा माणूस विद्वानांच्या सभेत काय बोलणार? पण अध्यक्षांचा हुकूम आहे.

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की बापूसाहेबांच्या पत्नी दुर्गाबाई, म्हणजे आमच्या माई, डोकं दुखतं म्हणून आल्या नाहीत. बायकांच्या बाजूची पहिली खुर्ची रिकामी आहे. बापूसाहेब, क्षमा करा, माईंचं डोकं दुखत नाही. त्या का आल्या नाहीत ते मला ठाऊक आहे.

अमरावतीत आपल्या गल्लीत वीज आली, तेव्हा बापूसाहेबांच्या घरची वायर मी टाकली. सगळ्या खोल्या झाल्या, स्वयंपाकघर उरलं. माई दारातच उभ्या.

"भगवंता, तो कळकट सदरा घालून माझ्या चुलीजवळ यायचं नाही. विहिरीवर आंघोळ कर अन् ओलेत्यानं ये."

"माई, ओल्या अंगानं विजेचं काम करत नसतात."

"काहून? तुझा बाप ओलेत्यानं चार घरच्या पूजा करते. त्याले कधी काही झालं?"

बापाचं नाव निघालं की भिक्षुकाचा मुलगा विहिरीवर जातो. ओला पंचा नेसून माझ्या स्टुलावर चढलो. बटण दाबलं, दिवा लागेना, म्हणून वर हात घातला. असा झटका बसला की स्टुलावरून जो सुटलो, तो थेट माईंच्या कणकेच्या परातीत! अंग ओलं, त्यावर सगळं पीठ. शेजारचे खुशालराव धावत आले आणि म्हणाले, "माई, पोळ्या लाटून राहिल्या का पोट्टा मळून राहिल्या?"

हसा, मंडळी. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. मनगट मुरगळलं होतं, एवढंच. माई मात्र हसल्या नाहीत. माझ्या हाताला त्यांनी हळद लावली. संध्याकाळी त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं, "चुलीवरची ती तार तोडा. माझ्या सोवळ्यापायी लोकाचं लेकरू गेलं असतं."

तार तुटली. बाकी घरात वीज, आणि माई चिमणीच्या उजेडात रांधत राहिल्या. मी रजेवर आलो की दर खेपेस विचारायचो, "माई, देऊ का जोडून?" उत्तर ठरलेलं, "नको रे बाबा. मले दिसते." दिसत नव्हतं. तांदळातले खडे आम्ही सगळ्यांनी खाल्ले आहेत. बापूसाहेबांनीही समजावलं. दुसऱ्याला झालेल्या एवढ्याशा दुखापतीची शिक्षा माणसानं स्वतःला किती वर्षं द्यावी?

उद्या हे बिऱ्हाड नागपूरला मुलाकडे, वसंताकडे, जाणार. आज दुपारी भेटायला गेलो. गाठोडी बांधलेली, चूल गार. माई म्हणाल्या, "भगवंता, तेवढी तार जोड. नव्या हेडमास्तरची माणिकबाई येऊन राहिली, तिले अंधार नको."

मी सवयीनं विचारलं, "आंघोळ करून येऊ?"

"नको. कोरडाच ये. पायातल्या वहाणाही राहू दे."

मंडळी, माईंच्या स्वयंपाकघरात वहाणा! मला पाऊल टाकवेना.

शेवटी माझं स्टूल आणलं, तसाच आत गेलो आणि तार जोडली. दिवा लागला. माई वर बघतील असं मला वाटलं होतं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"अगं बाई, इतकी काजळी? ह्याच्यातच रांधून राहिली होती मी?"

पदर खोचला, नारळाची शेंडी घेतली आणि भिंत घासायला लागल्या. मी सभेची आठवण करून दिली. म्हणाल्या, "तू हो पुढे. दुसरीच्या हाती असं घर देऊ काय?"

म्हणून ती खुर्ची रिकामी आहे. जो उजेड इतकी वर्षं त्यांच्या पोळीवर पडायला हवा होता, तो आज नुसत्या काजळीवर पडला. माझ्या मनगटाचं दुखणं चार दिवसांत गेलं. हे मात्र जायचं नाही.

बापूसाहेब, आपल्याला आणि माईंना नागपूरला सुख लाभो. अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. अडाण्याच्या तोंडून कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणि हारतुऱ्यांच्या आधीच मला उठायची परवानगी द्या. भिंतीच्या वरच्या भागाला माईंचा हात पुरत नाही, आणि स्टूल माझं आहे.