मोठ्या आचेवर

सासरे : ...आणि हा काळा दोरा ओढून काढायचा?

जावई : हो. पाठीवर चीर द्या, सुरीच्या टोकाने उचला. बाबा, तुम्ही खरं तर बसा. पहिल्यांदा घरी आलात आणि मी तुम्हाला कोळंबी सोलायला लावतोय.

सासरे : बसून काय करू, भिंती मोजू? आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरं पळवली. बसलो की पाय दुखतात. ती कधी येते?

जावई : येईलच. दवाखान्यातलं काम आटोपून निघालीय.

सासरे : मी आलोय हे कळवलंत?

जावई : नाही. कळवलं असतं तर मैत्रिणीकडे जेवली असती. मग एवढ्या थाई नूडल्स मी एकटा कुठे घालू?

सासरे : मी काही आपणहून आलो नाही हं. तिच्या आईने बजावलं, पोरीला भेटून या, नाहीतर घराची पायरी चढू नका.

जावई : आईंचा धाक आहे खरा.

सासरे : लग्नाआधी मी तुमच्याबद्दल काय म्हणालो होतो, आठवतं?

जावई : ‘नाटकात दिवे लावणारा हा पोरगा, संसारात आणखी काय दिवे लावणार?’ आमच्या थिएटरमध्ये अजून सांगतात. पडद्यामागची माणसं हसून लोळतात, बाबा.

सासरे : हं. नूडल्स उकळायच्या नाहीत?

जावई : तांदळाच्या आहेत. पाण्यात भिजून वाकल्या की पुरे, बाकीचं कढई करते. हा वाटीतला सॉस ढवळा. चिंचेचा कोळ, गूळ आणि फिश सॉस.

सासरे : अरे देवा! नासलंय हे!

जावई : असाच असतो. आधी नाक मुरडतं, मग जीभ सांभाळून घेते.

(दार उघडल्याचा आवाज.)

मुलगी : बाहेर कोणाचे बूट रे? एवढी गच्च गाठ तर फक्त...

जावई : आलीस? हात धू आणि लसूण दे. तेल तापलंय.

मुलगी : हे इथे कसे, विचार त्यांना.

सासरे : बसने आलो, सांगा तिला.

मुलगी : लग्नाच्या दिवशी बस बंद होत्या का, विचार.

जावई : कोळंबी पडली कढईत! आता गुलाबी होईपर्यंत भांडण बंद. ही माकुलही, म्हणजे स्क्विड, गेली. मिनिटभर जास्त झालं तर रबर चावत बसू. अंडी फोडा कोणीतरी. एकानेच! झालं, दोघांनी फोडली. असू दे, चार घालू.

मुलगी : एवढ्या लांब कशाला आले, ते सांगायला सांग.

सासरे : बोलायला आलो होतो. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. तुमच्या त्या सॉसच्या वासाने विसरलो, सांगा.

मुलगी : आठवतंय तेवढं सांगा म्हणावं.

सासरे : चुकलो.

जावई : हं, पुढे?

सासरे : पुढचं नाही आठवत.

जावई : पुढचं लागेल असं वाटत नाही. नूडल्स, सॉस, मोड आलेले मूग... सरका, सरका, वाफ येतेय. दाणे कुठे गेले? बशा आणा!

मुलगी : लिंबू मी पिळते. तू बिया पाडतोस.

जावई : घ्या, बाबा. गरम आहे.

सासरे : हं... हे... अहो, छान लागतंय की!

जावई : माकुल?

सासरे : लोण्यासारखी. आणखी आहे?

जावई : तिच्या बशीत बघू नका. कढईत आहे.

मुलगी : त्यांना सांग, कोळंबी बरी साफ केलीय.

सासरे : सांगा तिला, शिकवणारा चांगला होता.

जावई : मी आता निरोप्याची नोकरी सोडतोय. तुमचं तुम्ही बघा.

सासरे : बरं. ही कढई घासून ठेवतो आणि निघतो. शेवटची बस चुकायला नको.

मुलगी : बाबा, राहू द्या ती कढई. सकाळी घासा.